हैड्रोच्या डब्याचं झाकण

माझा स्वभाव तापट आहे. आमच्या कॉलेजात हे शिपायापासून प्राचार्यांपर्यंत सगळ्यांना ठाऊक आहे, तेव्हा इथे लपवण्यात अर्थ नाही. वीसेक वर्षं मी बेळगावात बी.एस्सी.च्या मुलांना सेंद्रिय रसायनशास्त्र शिकवतेय. हे पुस्तकातलं नाव कुणी घेत नाही. सगळे ऑरगॅनिक म्हणतात आणि म्हणताना तोंड कडू करतात. त्यातली बहुतेक वर्षं मी फळ्यापुढे उभी राहून नोट्स सांगितल्या, मुलांनी त्या उतरून घेतल्या, आणि निकाल वाईट लागला की मी त्यांच्या अकलेला आणि त्यांनी माझ्या शिकवण्याला दोष दिला.

लॉकडाऊननंतरची बॅच आली तेव्हा हा कारभार कोसळला. ही मुलं पीयूसी, म्हणजे अकरावी-बारावी, मोबाइलसमोर बसून पास झालेली. टेस्ट ट्यूब कुणी हातात धरलेली नव्हती. निम्मी मराठी शाळांतून आलेली, काही कानडी शाळांतून, आणि इथे सगळं इंग्रजीत. पहिल्या चाचणीत अर्ध्या वर्गाने जवळजवळ कोरे पेपर दिले. मी गठ्ठा टेबलावर आपटला आणि तोंडाला येईल ते बोलले. घरी आल्यावर मात्र माझी मलाच लाज वाटली. महिनाभर कुणाला काही कळत नसताना मी एकटीच बोलत राहिले होते, आणि ते मला दिसलं नव्हतं.

घरात त्या वेळी पुतणीच्या लग्नाच्या उरलेल्या पत्रिकांचा गठ्ठा पडून होता. जाड, गुळगुळीत कागद, मागची बाजू कोरी. मी त्या कात्रीने कापल्या आणि मागे रेणूंची चित्रं काढली. कुठे बेंझिनचा षटकोन, कुठे अल्कोहोल, कुठे नुसतं एखादं अभिकारक, म्हणजे ज्याने एका पदार्थाचा दुसरा होतो ते रसायन. दुसऱ्या दिवशी प्रयोगशाळेत चार-चार जणांची टेबलं केली आणि रमी लावली. हातात सात पत्ते. एक पदार्थ, त्यावर एक अभिकारक आणि त्यातून निघणारा दुसरा पदार्थ अशी साखळी लावायची. साखळी चुकली की टेबलाचे सगळे पत्ते जप्त. षटकोन ना मराठी ना कानडी, त्यामुळे कुणाची भाषा अडली नाही. येळ्ळूरची मुलगी आणि तिच्या समोरचा कानडी मुलगा दोन-दोन भाषांत एकमेकांना खोटं पाडायला लागले, तेव्हा मला कळलं की आपण इतकी वर्षं उगाच घसा कोरडा केला.

नंतर मी गोष्टीही आणायला लागले. पुस्तकात त्याला केस स्टडी म्हणतात. एक खरा प्रसंग मांडायचा आणि पोरांनी आत काय घडलं ते शोधायचं. मी निपाणीची. माझी आई तंबाखूच्या वखारीत कामाला जायची. म्हणून पहिला प्रश्न तिथलाच घेतला, की तंबाखू मळताना चुना का लावतात. वर्ग ताठ बसला. तंबाखूतलं निकोटिन आम्लाशी बांधलेलं असतं, चुना ते सोडवतो आणि सुटं निकोटिन पटकन अंगात भिनतं, इथपर्यंत पोरं स्वतःच्या पायांनी पोचली. त्या तासानंतर दोघांनी खिशातल्या पुड्या कचऱ्याच्या टोपलीत टाकल्या, निदान माझ्यासमोर तरी.

सहकाऱ्यांना आयता विषय मिळाला. पत्त्यांचा क्लब किती वाजता उघडतो, असं स्टाफरूममध्ये रोज कुणीतरी विचारायचं. उचगावचे एक शेतकरी वडील तर प्राचार्यांकडे तक्रार घेऊनच आले, की पोरगी कॉलेजात पत्ते खेळायला येते काय. मी त्यांना वर्गात मागच्या बाकावर बसवलं. तासभर ते बघत होते. जाताना त्यांनी एवढंच विचारलं, की यात युरिया येतो का. मी म्हटलं, या सगळ्या शास्त्राची सुरुवातच युरियापासून झाली. ते मान डोलावत गेले आणि पुन्हा तक्रार आली नाही.

आता त्या मुलीबद्दल सांगते, जिच्यामुळे हे लिहायला बसले.

ती वडगावची, विणकराच्या घरातली. घरात चार यंत्रमाग, आणि मागच्या बाजूला एका खोलीत वडील साड्यांचं सूत रंगवायचे. वर्गात ती भिंतीला लागून बसायची. दोन वेळा तिचा ऑरगॅनिकचा पेपर राहिला होता. या खेपेलाही राहिला असता तर नियमाप्रमाणे तिला शेवटच्या वर्षात जाता आलं नसतं, म्हणजे शिक्षण तिथेच थांबलं असतं. आधी ती निम्मे तास चुकवायची; खेळ सुरू झाल्यापासून रोज यायला आणि जरा पुढे सरकून बसायला लागली होती. पत्ते लावताना तिचा हात चालायचा, तोंड नाही. मी मनात म्हणत होते, या वेळी ही निघेल.

त्या दिवशी आम्ही रंगांचा डाव लावला होता. तिने साखळी लावली. निळा रंग, त्यावर सोडियम हायड्रोसल्फाइट, त्यातून पाण्यात विरघळणारा पिवळसर पदार्थ. इथून पुन्हा निळ्याकडे जायला ऑक्सिजन देणारं एखादं अभिकारक हवं होतं आणि तो पत्ता तिच्या हातात नव्हता. तिने मधली जागा मोकळी सोडली, पुढे निळ्याचा पत्ता ठेवला आणि मोकळ्या जागेवर बोट टेकवून म्हणाली, “इथं वारं.”

सगळे हसले. मीही हसले, आणि वर फटकारलं, की वारा कुठल्या पत्त्यावर लिहिलाय ते दाखव. नियम म्हणजे नियम. तिच्या टेबलाचे सगळे पत्ते मी उचलले. टेबलावरचे बाकीचे तिघे तिच्यावर चिडले. मी पुढच्या टेबलाकडे वळले.

दुसऱ्या दिवसापासून ती यायची बंद झाली. आठ दिवस गेले. परीक्षेचा अर्ज भरायला दहा-बारा दिवस उरले होते. तिची येळ्ळूरची मैत्रीण निरोप घेऊन आली की ती परीक्षेला बसणार नाही म्हणतेय. मला वाटलं, मी हसले म्हणून.  मी दोन-तीनदा फोन केला, कुणी उचलला नाही. शेवटी एका दुपारी रिक्षा करून वडगावला गेले.

गल्लीत शिरल्यापासून मागांचा खडखडाट होता. मुलीची आई मागावर होती. तिने हातानेच मागे जायला खुणावलं. रंगाच्या खोलीत तिचे वडील पिंपावर वाकले होते आणि ती मुलगी एका निळ्या प्लास्टिकच्या डब्याशेजारी पाटावर बसली होती. मला बघून ती उठली. वडिलांनी मान वर न करता सांगितलं, की दार लावा. दार लावलं. मग माझ्या लक्षात आलं की खिडकीवरही ओलं पोतं टाकलेलं आहे. आत कोंडलं होतं, गंधकासारखा वास होता.

थोड्या वेळाने त्यांनी दांड्यावरच्या सुताच्या लड्या पिंपातून वर काढल्या. सूत हिरवट पिवळं होतं, उन्हाळ्यात वाळलेल्या गवताच्या रंगाचं. लड्या पिळून ते म्हणाले, उघड. मुलीने खिडकीवरचं पोतं ओढलं, मागचं दार सताड उघडलं आणि लड्या अंगणात बांबूवर पसरल्या. माझ्या डोळ्यांदेखत त्या कडेकडेने हिरव्या झाल्या, मग निळ्या. दोन-तीन मिनिटांत सगळं सूत गर्द निळं.

हे मी वीस वर्षं शिकवत होते. माझ्याच नोट्समध्ये वाक्य आहे, की रंग धाग्यात शिरल्यावर हवेतल्या ऑक्सिजनने पुन्हा मूळ रूपात येतो. दरवर्षी मी ते सांगते, पोरं उतरून घेतात. पण पत्ते करताना बाटलीतली सगळी रसायनं मी काढली आणि हवेचा पत्ता करायला विसरले. ज्या मुलीच्या घरी वारं कधी आत घ्यायचं आणि कधी बाहेर ठेवायचं यावरच धंदा चालतो, तिला मी वर्गासमोर चूक ठरवलं होतं. मी तिथेच, तिच्या वडिलांसमोर तिला म्हणाले, “तू बरोबर होतीस. चूक माझी होती.”

मला वाटलं, एवढ्याने काम भागेल. ती ओशाळून हसली आणि म्हणाली, “त्यासाठी न्हाय मॅडम.”

मग वडिलांनी कोपऱ्यातलं गाठोडं सोडून दाखवलं. निळ्या लड्या, पण डागाळलेल्या. कुठे गर्द, कुठे फिकट, कुठे नुसते ढगासारखे पट्टे. महिन्याभरात तिसऱ्यांदा असं झालं होतं. या सुताच्या साड्या कुणी घेणार नव्हतं. पूर्वी असं कधी झालं नव्हतं, आणि कशाने होतंय ते त्यांना कळत नव्हतं. मुलगी कॉलेजला गेली की असं होतं आणि घरी असली की होत नाही, एवढंच त्यांच्या ध्यानात आलं होतं. त्यांनी तिला थांब म्हटलं नव्हतं. तिनेच ठरवलं होतं.

मी दोन डागाळलेल्या लड्या, थोडं कोरं सूत, थोडा निळा रंग, थोडा कास्टिक सोडा, त्यांच्या विहिरीचं पाणी आणि सूत नासलं त्या वेळच्या डब्यात तळाशी उरलेली पांढरी पूड मागून घेतली. ही पूड म्हणजेच सोडियम हायड्रोसल्फाइट. रंगाच्या धंद्यात सगळे तिला हैड्रो म्हणतात. वडिलांनी दिलं, पण तोंडावर विश्वास नव्हता. तीस वर्षं रंगात हात घातलेल्या माणसाला कॉलेजची बाई काय सांगणार, असं त्यांच्या मनात असावं. मी त्यांच्या जागी असते तर तोंडावर बोलून दाखवलं असतं. मुलीला मात्र मी बजावलं, की परीक्षा दे नाहीतर नको देऊ, उद्याच्या तासाला तू आलीच पाहिजेस. ती आली.

तो तास मी केस स्टडी म्हणून घेतला. टेबलावर डागाळलेल्या लड्या ठेवल्या आणि गुन्हेगार शोधा म्हटलं. पोरं पेटली. कुणी पाण्याला धरलं, कुणी कास्टिकला, कुणी म्हणालं सूत नीट उकळलेलं नसेल. मग चंचुपात्रं मांडली. प्रत्येकात तिच्या घरचंच सगळं, फक्त दर पात्रात एकेक वेगळी वस्तू आमच्या प्रयोगशाळेतली. पाणी बदललं, फरक नाही. कास्टिक बदललं, फरक नाही. चांगलं उकळलेलं सूत घातलं, तेही तसंच. हैड्रो बदलल्याबरोबर निळं पाणी पिवळं झालं. बाकी पात्रांत गढूळ निळंच राहिलं. तिच्या घरचं हैड्रो मेलेलं होतं. त्या पुडीला दमट हवा सोसत नाही, आणि आमच्याकडे पावसाळ्यात हवेत पाण्याशिवाय दुसरं असतं काय.

वर्गाने टाळ्या वाजवल्या. मीही खूश होते. तेवढ्यात मुलीकडे लक्ष गेलं, तर तिचा चेहरा उतरलेला. ती हळू आवाजात म्हणाली, “डब्याचं झाकन लावायचं काम माझं हाय, मॅडम. मी ल्हान हुते तवापासून. आप्पांचे हात ओले असत्यात, ते उघडं तसंच टाकत्यात.”

म्हणजे आम्ही सगळ्यांनी मिळून, चार चंचुपात्रांत, पुराव्यासह सिद्ध केलं होतं की ती कॉलेजला येते म्हणून घरचं सूत नासतं. मला धरणी पोटात घेईल तर बरं असं झालं. खेळ मी मांडला होता, आणि त्यात तिचाच बळी गेला होता. 

मग मला राग आला. तिचा नाही, त्या झाकणाचा. मी फळ्यावर लिहिलं, की केस अजून संपलेली नाही. गुन्हेगार सापडला, आता घरात कुणी राखणीला नसताना हैड्रो जिवंत कसं ठेवायचं ते सांगा. पोरांनी बरंच सुचवलं. डब्याला स्प्रिंगचं झाकण लावा, वडिलांना हातमोजे आणून द्या, पुडीशेजारी पाणी शोषणारे खडे ठेवा. त्यातलं काहीच ओल्या खोलीत टिकणारं नव्हतं. तेवढ्यात येळ्ळूरच्या मैत्रिणीने विचारलं, “एवढा मोठा डबा रोज उघडायचाच कशाला? आमची आई लोनच्याची मोठी बरनी रोज उघडती व्हय? आठवड्याचं ल्हान बरनीत काढून ठेवती.”

मी काही बोलायच्या आत ती वडगावची मुलगी उठली आणि फळ्यापाशी आली. वर्गात तिला स्वतःहून उठताना मी पहिल्यांदाच पाहत होते. एका पिंपाला किती हैड्रो लागतं ते तिला तोंडपाठ होतं. तिने हिशेब मांडला. डबा आला की त्याच दिवशी, कोरड्या हातांनी, एकेका पिंपापुरत्या घट्ट झाकणाच्या बाटल्या भरायच्या. एका वेळी एकच बाटली उघडायची आणि सगळी वापरायची. उघडं राहील असं काही उरतच नाही. आणि वापरण्याआधी चमचाभर रंगाच्या पाण्यात चिमूटभर टाकून बघायचं; पिवळं झालं तरच पिंपात घालायचं. बोलताना ती मराठीतून कानडीत आणि कानडीतून इंग्रजीत गेली, आणि ऑक्सिडेशन, रिडक्शन हे शब्द तिच्या तोंडून सरळ येत होते, अगदी सूत आणि लडी म्हणावं तसे.  मी खिडकीकडे वळून उगाच बर्नर तपासत बसले.

वडिलांनी हे ऐकून घेतलं का, ते मला त्या आठवड्यात कळलं नाही. मुलगी तासाला येत होती, पण अर्जाचं विचारलं की बघते म्हणायची. डब्यातलं हैड्रो टाकून नवं आणलं होतं आणि मुलीने बाटल्या भरल्या होत्या. आता ती घरी नसताना एक पिंप बिनडाग निघेपर्यंत तिला धीर नव्हता. मीही तिला आग्रह केला नाही. पिंप पुन्हा नासलं असतं तर मी कुठल्या तोंडाने तिला पेपरला बस म्हणणार होते?

अर्जाच्या शेवटच्या दिवशी, मधल्या सुट्टीत, शिपाई सांगत आला की कुणीतरी बाहेर थांबलंय. दारात तिचे वडील होते. नखांत निळा रंग, हातात कागदात गुंडाळलेली एक लडी. बाजूला ती मुलगी. त्यांनी लडी टेबलावर उलगडली. मी ती उजेडात धरून इकडून तिकडे पाहिली. कुठे डाग नव्हता. काल ती तासाला आलेली असताना काढलेलं सूत होतं ते.

मी त्यांना बसा म्हटलं. ते बसले नाहीत. लडीवरून हात फिरवत राहिले आणि माझ्याकडे न बघता म्हणाले, “पोरगीला डब्याजवळ बसवली हुती मी. धा-बारा वर्सं. एक झाकन घट्ट बसवायचं सुचलं न्हाय बगा मला.” मग तिच्याकडे वळून म्हणाले, “जा आक्का. अर्ज भर. लाइन मोठी हाय.”

ती गेली.  मी चहा मागवला. तो त्यांनी घेतला.

परीक्षेआधीचे वीस दिवस ती रोज प्रयोगशाळेत यायची. मी पत्त्यांच्या गठ्ठ्यात हवेचा पत्ता घातला. त्याच्यावर काय चित्र काढायचं ते सुचेना, म्हणून तो कोराच ठेवला आणि वर्गाला तसं सांगितलं. पहिल्याच डावात चौघांत त्या कोऱ्या पत्त्यावरून भांडण झालं. पेपरच्या दिवशी मी गेटपाशी उभी होते. पेपर कसा गेला असं मी विचारत नाही, कारण मुलं खरं सांगत नाहीत. तिलाही विचारलं नाही. तीही काही न सांगता बसस्टॉपकडे गेली.

निकाल लागला त्या सकाळी मी तिचा नंबर तोंडपाठ म्हणत कॉम्प्युटरपुढे बसले. पान उघडायला वेळ लागत होता. स्वतःच्या निकालाच्या वेळीही मी इतकी घाबरले नव्हते. मग ओळ दिसली. पास. मार्क फार नव्हते, पण पुरेसे होते. मी लगेच घरी फोन लावला. मागांच्या आवाजात वडिलांचा आवाज आला, जरा थांबा, हात रंगात हायत. मग पाणी ओतल्याचा आवाज. मी त्यांना घाईघाईने सांगितलं आणि म्हटलं, तिला फोन द्या.

“ती घरात न्हाय, मॅडम,” ते म्हणाले. “शेवटच्या वर्साची पुस्तकं आनाय गेलीया, सकाळीच. म्या म्हटलं, निकाल तरी लागू दे. तर म्हनाली, पास झालेय आप्पा, मला म्हाईत हाय.”